आधी पाऊल, मग मन

१९३१ च्या हिवाळ्यात ऑस्ट्रियातल्या एका खेड्यात काही तरुण संशोधक एक विलक्षण मोजमाप करत बसले होते. मुख्य रस्त्याकडे तोंड असलेल्या खिडकीआड घड्याळ घेऊन बसायचं आणि समोरून जाणारा माणूस किती वेगाने चालतो, वाटेत किती वेळा थांबतो, हे टिपत राहायचं. नोकरी गेली की माणसाच्या आत काय मोडतं, हे त्यांना शोधायचं होतं. आणि त्यासाठी ते मोजत होते काय, तर माणसाची चाल!

गावाचं नाव मारिएन्थाल. व्हिएन्नापासून फार लांब नाही. अख्खं गाव एका कापडगिरणीवर जगायचं. जागतिक मंदीत गिरणी बंद पडली आणि ४७८ कुटुंबांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कुटुंबं बेकारभत्त्यावर आली. पंचविशीतली मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल आपल्या सहकाऱ्यांसह तिथे पोचले ते स्वतःला एक नियम घालून. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. नुसता बघ्या म्हणून कुणीही गावात फिरायचं नाही, प्रत्येकाने गावाच्या काही ना काही उपयोगी पडायचं. म्हणून कुणी जुने कपडे गोळा करून घरोघर पोचवले, कुणी डॉक्टरी तपासणीची सोय केली, कुणी शिवणाचे वर्ग घेतले. हे करता करताच माहिती गोळा झाली.

तर चालीचं काय दिसलं? बायका लगबगीने जायच्या. पुरुष रेंगाळायचे, थोडं चालून थांबायचे, कुणाशी तरी दोन शब्द बोलून पुन्हा रेंगाळायचे. एकाच गावातली, एकाच भत्त्यावर जगणारी माणसं, पण चाल वेगळी. कारण बायकांना घरी चूल, मुलं, धुणं, ठिगळं लावायचे कपडे हे सगळं पूर्वीसारखंच होतं, उलट पैशांच्या ओढाताणीने वाढलंच होतं. पुरुषांना मात्र जगात कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं.

याहून चकित करणारी गोष्ट गावाच्या वाचनालयात सापडली. आता विचार करा, माणसाला दिवसभर मोकळा वेळ मिळाला, शिवाय पुस्तकांची वर्गणीही माफ झाली, तर वाचन वाढेल की घटेल? मारिएन्थालमध्ये दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पुस्तकं फुकट, वेळ अमाप, आणि तरी वाचन निम्म्यावर! दिवसभरात काय काय केलं ते तक्त्यात लिहून द्या, असं संशोधकांनी पुरुषांना सांगितलं तेव्हा त्या तक्त्यांत तासच्या तास रिकामे आले. दिवस गेला कुठे, हे ज्याचा दिवस त्यालाच सांगता येईना.

म्हणजे नोकरी गेल्यावर मोकळा वेळ मिळतो हेच मुळात खरं नाही. उलट वेळच हातातून निसटतो.

मारी याहोदाने पुढे आयुष्यभर याच कोड्याचा पाठपुरावा केला. तिचं म्हणणं थोडक्यात असं. काम आपल्याला पगार देतं हे उघड आहे, पण त्याबरोबर आणखी पाच गोष्टी गुपचूप देत असतं. दिवसाला आकार देतं. घराबाहेरच्या माणसांशी गाठ घालून देतं. आपल्या एकट्याच्या आवाक्याबाहेरच्या एखाद्या मोठ्या कामात आपला वाटा असल्याची जाणीव देतं. चारचौघांत ओळख देतं. आणि हातापायांना रोज हलायला लावतं. या पाच गोष्टी पगारपत्रकावर कुठेच नसतात, त्यामुळे त्या मिळतायत हे आपल्याला कळतही नाही. नोकरी जाते त्या दिवशी त्या पाचही एकदम जातात. माणसाला वाटतं, मला पैशांची चिंता खाते आहे. ती खरी असतेच. पण सकाळी उठावंसं न वाटणं, ओळखीचं कुणी दिसलं की रस्ता बदलणं, हे फक्त पैशांनी समजावता येत नाही.

हे विवेचन मांडणारं तिचं पुस्तक १९८२ साली आलं. आपल्याकडे त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा दिवस आकारहीन झाला. गिरणगावात ज्यांच्या घरी भोंग्यावर उठणं, भोंग्यावर जेवणं आणि भोंग्यावर झोपणं होतं, त्यांना याहोदाचा सिद्धान्त वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

आता २०२० मध्ये या. २५ मार्चपासून कोविडच्या महामारीमुळे देश बंद झाला आणि सीएमआयई या संस्थेच्या अंदाजानुसार एकट्या एप्रिल महिन्यात बारा कोटींहून अधिक लोकांचा रोजगार गेला. बेकारीचा इतिहास जुना आहे, पण या बेकारीत एक भयंकर नवी गोष्ट होती. एरवी नोकरी गेलेला माणूस निदान टपरीवर जाऊन बसतो, मित्राच्या दुकानात तासभर हातभार लावतो, भजनाला जातो, कुणाच्या लग्नाला राबतो. याहोदाच्या पाच गोष्टी तो थोड्या थोड्या उसन्या आणत असतो. महामारीने नोकरी नेली आणि उसनवारीची ही सगळी दारंही बंद केली. गोव्याचं पर्यटन ठप्प झालं. परदेशी जहाजांवर काम करणारे गोव्याचे आणि कोकणचे कितीतरी लोक समुद्रात अडकले आणि घरी परतल्यावर रिकाम्या हातांनी बसून राहिले.

अशा माणसाला मानसोपचार काय देणार? नोकरी तर देता येत नाही. परिस्थिती खरोखरच वाईट आहे, त्याचं दुःख काल्पनिक नाही. मग बोलून काय होणार? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधताना विज्ञानाने स्वतःचाच एक गाजलेला निष्कर्ष उलटा करून दाखवला.

१९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आज वाचताना ते क्रूर वाटतात. काही कुत्र्यांना विजेचे धक्के दिले आणि ते थांबवणं त्यांच्या हातात ठेवलं नाही. पुढे त्याच कुत्र्यांना सहज उडी मारून सुटता येईल अशा जागी ठेवलं, तरी त्यांतली बरीचशी उडीच मारेनात. पडून राहिली. निष्कर्ष निघाला की, काहीही केलं तरी फरक पडत नाही हे ती शिकली, असहायता शिकली. ‘शिकलेली असहायता’ ही कल्पना जगभर पसरली, शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांत गेली.

आणि मग जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, याच दोघांनी जाहीरपणे लिहिलं की आमचं बरोबर उलटं होतं!

मायर यांनी मधली कितीतरी वर्षं उंदरांच्या मेंदूत शोध घेतला होता. त्यांना दिसलं ते असं. मेंदूच्या देठात ‘डॉर्सल राफे’ नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका आहे. त्रास लांबत गेला की तो पुंजका आपसूक चेततो आणि प्राणी निपचित होतो. हे शिकावं लागत नाही, ही मेंदूची जन्मजात चाल आहे. मग काही प्राणी निपचित का होत नाहीत? कारण आपल्या हालचालीने त्रास थांबतो हे त्यांना एकदा जाणवलेलं असतं. ही जाणीव टिपतो मेंदूचा पुढचा, कपाळामागचा भाग, आणि तो त्या पुंजक्याला गप्प बसवतो. थोडक्यात, असहायता कुणी शिकत नाही. शिकावी लागते ती ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ ही गोष्ट. आणि एकदा ती शिकलेला प्राणी पुढच्या संकटात सहजी निपचित पडत नाही.

क्षणभर इथे थांबा. घरात पडून राहिलेल्या बेकार माणसाला आपण आळशी म्हणतो, कमकुवत म्हणतो, ‘याने हायच खाल्ली’ म्हणतो. पण लांबलेल्या संकटात गप्प पडून राहणं हा मेंदूचा मूळ स्वभावच असेल तर? मग त्या माणसाला दूषण देण्यात काय अर्थ आहे? त्याला हवा असतो एक अनुभव. छोटा का असेना, पण आपण काहीतरी केलं आणि त्याने काहीतरी बदललं, असा.

हा अनुभव द्यायचा कसा? याचं उत्तर माणसांवरच्या उपचारांमध्ये तोवर वेगळ्याच वाटेने सापडलेलं होतं, तेही जवळजवळ अपघाताने. ॲरन बेक यांची विचारपद्धती बदलणारी उपचारपद्धत तेव्हा जगभर नावाजलेली होती. माणसाच्या मनात ‘मी नालायक आहे’, ‘आता काहीच होणार नाही’ असे विचार येतात, ते तपासायचे, त्यांच्या मुळाशी जायचं, बदलायचे. या पद्धतीत सुरुवातीला एक साधा भागही असायचा. रुग्णाला हळूहळू कामाला लावायचं, दिवसाचं वेळापत्रक करून द्यायचं. खऱ्या उपचाराची ही निव्वळ पूर्वतयारी, असाच समज होता.

नील जेकबसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत खोलून तिचे भाग वेगळे केले. नैराश्याचे दीडशे रुग्ण घेतले आणि त्यांचे तीन गट पाडले. एका गटाला पूर्ण उपचार, दुसऱ्याला अर्धवट आणि तिसऱ्याला फक्त ती पूर्वतयारी. १९९६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तिन्ही गट सारखेच सुधारले! ज्याला सगळे प्रास्ताविक समजत होते, त्यानेच पूर्ण उपचाराची बरोबरी केली होती. या ‘पूर्वतयारी’तून वाढलेल्या उपचाराला आज ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’ म्हणतात. मी त्याला कृतीचा उपचार म्हणेन.

त्याचं मर्म एका वाक्यात सांगता येतं. मन लागेल तेव्हा करू, असं म्हणायचं नाही. आधी करायचं, मन मागून येतं.

हे ऐकायला आजोबांच्या उपदेशासारखं वाटेल, पण आतली यंत्रणा बघितली की थक्क व्हायला होतं. गावातला हातपंप आठवा. तो कोरडा पडलेला असला की नुसता दांडा हापसून पाणी येत नाही. आधी वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं, मग जमिनीतलं पाणी वर चढतं. नैराश्यात उत्साहाचं असंच होतं. उत्साह आला म्हणून माणूस काही करतो ही झाली एरवीची गोष्ट. उत्साह आटलेला असताना कृतीच वरून ओतावी लागते.

आणि पंप कोरडा कसा पडतो? इथे एक फसवा सापळा आहे. समजा, जुन्या सहकाऱ्याचा फोन येतोय. उचलला तर ‘सध्या काय करतोस?’ विचारेल. म्हणून उचलला नाही. त्या क्षणी काय वाटतं? सुटलो! मेंदू या सुटकेची नोंद बक्षीस म्हणून करतो. पुढच्या वेळी फोन टाळणं आणखी सोपं. मग बाजारात जाणं टळतं, दाढी टळते, अर्ज भरणं टळतं. दर वेळी क्षणभर हायसं वाटतं आणि दर वेळी आयुष्यातून बरं वाटण्याची एक शक्यता कमी होते. माणसाचं जग आक्रसत जातं, तेही प्रत्येक पायरीला थोडी थोडी सुटका चाखत. दुःख स्वतःला असं पोसतं हे कळल्यावर त्याला कुठे पकडायचं हेही कळतं.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं ते जवळून बघू. समजा, सावंतवाडीकडचा एक आचारी आहे. कळंगुटच्या हॉटेलात कामाला होता. हॉटेल बंद झालं, तो घरी आला, तीन महिने झाले. आरोग्य केंद्राशी जोडलेली एक समुपदेशक त्याच्याशी फोनवर बोलते आहे.

“काल सकाळी काय केलंत?”

“काय नाय ओ ताई.”

“बरं. उठलात किती वाजता?”

“नऊ, साडेनऊ.”

“मग?”

“पडवीत बसलो. मोबाइल बघितला.”

“त्यावर काय बघितलंत?”

“बातम्या. आज किती गेले ते.”

“ते बघून झाल्यावर मनाला दहापैकी किती मार्क द्याल?”

“दोन.”

“आणि अख्ख्या दिवसात त्यातल्या त्यात बरं कधी वाटलं?”

“तसं नाय काय… संध्याकाळी आयेन सोलकढी करायला सांगितली. नारळ खवायला बसलो तेव्हा जरा… चार असेल.”

हा ‘चार’ म्हणजे घबाड आहे! ‘काय नाय’ म्हणणाऱ्या माणसाच्या दिवसात दोनाचा चार झालेला एक तास सापडला. तो कुठे सापडला, तर त्याच्या स्वतःच्या कसबात. ताई त्याला ‘सकारात्मक विचार करा’ असं एकदाही म्हणत नाहीत. सगळं ठीक होईल असं खोटं आश्वासनही देत नाहीत. त्या फक्त विचारतात, उद्या सकाळी साडेसातला उठून न्याहारी तुम्ही कराल का? बातम्या जेवण झाल्यावर, दहाच मिनिटं. आणि परवा, फक्त परवा, त्या जुन्या सहकाऱ्याला तुम्ही स्वतः फोन लावाल का? मग हे सगळं एका तक्त्यात लिहायचं. ‘जमलं तर करू’ असं मोघम लिहायचं नाही. वार, वेळ, काम आणि नंतर पुढे मार्क. आचारी म्हणेल, मन होत नाही. ताई म्हणतील, मन होऊ दे किंवा न होऊ दे, साडेसात वाजले की चूल पेटवा आणि मार्क लिहा.

आठवड्याने त्या तक्त्याकडे बघताना दोघांना काही दिसू लागतं. कशाने मार्क चढले, कशाने उतरले. काही गोष्टींनी आनंद मिळतो, काहींनी ‘हे मी केलं’ असं वाटतं, आणि दुसरी गोष्ट पहिलीइतकीच औषधी असते. याहोदाच्या पाच गोष्टी आठवून या तक्त्याकडे पाहा. साडेसातची वेळ म्हणजे दिवसाला आकार. सहकाऱ्याचा फोन म्हणजे माणसांशी गाठ. घरासाठी रांधणं म्हणजे आपला वाटा आणि आपली ओळख. कामाने जे गुपचूप दिलं होतं, ते हा तक्ता कणाकणाने आणि उघडपणे परत आणतो. तीसच्या दशकातल्या ऑस्ट्रियन गावाने विचारलेलं कोडं आणि हा साधा कागद, यांची गाठ अशी पडते.

वर मी ताईंना समुपदेशक म्हटलं, पण त्या मानसशास्त्राच्या पदवीधर असल्याच पाहिजेत असं नाही. ही कल्पना सिद्ध झाली ती गोव्यात.

डॉ. विक्रम पटेल हे मूळचे मुंबईचे मनोविकारतज्ज्ञ. नव्वदच्या दशकात त्यांनी झिंबाब्वेत काम केलं, मग १९९६ मध्ये गोव्यात सहकाऱ्यांसह ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. अडचण सरळ होती. नैराश्याचे रुग्ण गावोगाव आहेत आणि तज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. तज्ज्ञांची वाट बघत बसलो तर पिढ्या जातील. मग गावातल्याच, मनोविकारांचं कसलंही आधीचं शिक्षण नसलेल्या माणसांना हा कृतीचा उपचार शिकवला तर?

त्यांनी ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ नावाचा कार्यक्रम आखला. सहा ते आठ बैठका, आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. समुपदेशकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण, नंतर प्रत्यक्ष काम करत शिकणं. मला सगळ्यात भावलेला भाग पुढचाच. बैठकांचं ध्वनिमुद्रण करायचं आणि सगळ्यांनी मिळून ते ऐकून एकमेकांना गुण द्यायचे. कुठे घाई झाली, कुठे ऐकायच्या ऐवजी उपदेश झाला, हे एकमेकांकडूनच शिकायचं.

मग परीक्षा झाली, तीही कडक. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण निवडले. कोणाला नेहमीची सुधारित सेवा आणि कोणाला त्यासोबत हा कार्यक्रम, हे चिठ्ठी टाकावी तसं नशिबावर सोडलं. तीन महिन्यांनी तपासलं. नेहमीच्या सेवेत ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. कार्यक्रमातल्या लोकांत ६४ टक्के. कामावर न जाता आलेले दिवस घटले, आत्महत्येचे विचार कमी झाले, आणि स्त्रियांना नवऱ्याकडून होणारी मारहाणसुद्धा कमी आढळली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१७ मध्ये हा अभ्यास छापला. वर्षभराने पुन्हा पाहिलं तेव्हा फायदा टिकून होता, आणि ज्या रुग्णांची कृती वाढली होती त्यांच्यातच तो प्रामुख्याने दिसला. पाणी खरोखर ओतलेल्या तांब्यामुळेच वर चढलं होतं!

विदर्भातही असंच घडलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पात गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि समुपदेशक कामाला लागले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं. दीड वर्षात ते २७.२ टक्क्यांवर गेलं. तिथे कुठलंही नवं रुग्णालय उभं राहिलं नव्हतं. मदत करणारी माणसं अंगणापर्यंत आली होती, इतकंच.

पण महामारीत अंगणही बंद होतं. समोरासमोर न बसता हा उपचार चालतो का? ब्रिटनमध्ये यॉर्क विद्यापीठाच्या गटाने हे करून पाहिलं. पासष्टीच्या पुढची, दुखणी असलेली, घरात अडकलेली ४३५ माणसं, एक पुस्तिका आणि जास्तीत जास्त आठ फोन. नैराश्य कमी झालं आणि एकटेपणही घटलं. मोठमोठ्या उपचारपद्धती अडून बसल्या असत्या, पण याला लागतं काय? विचारणारा एक आवाज आणि लिहायला एक कागद.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. मन सावरलं, पण नोकरीचं काय? इथे आश्चर्याचे आणखी दोन धक्के आहेत.

१९९७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच ब्रिटनमधला एक प्रयोग आला. वर्षाहून अधिक काळ बेकार असलेली, पांढरपेशा व्यवसायांतली २८९ माणसं. अर्ध्यांना सात आठवडे, आठवड्यातून तीन तास, विचार आणि वर्तन बदलण्याचं प्रशिक्षण. बाकीच्यांना तितकाच वेळ गटात बसून एकमेकांचा आधार. नोकरी कशी शोधायची हे दोन्हीकडे शिकवलं गेलं नाही. चार महिन्यांनी पहिल्या गटातले ३४ टक्के लोक पूर्णवेळ नोकरीत होते, दुसऱ्यातले १३ टक्के. बाजारात नोकऱ्या तितक्याच होत्या, माणसं मात्र वेगळ्या तऱ्हेने त्यांच्यापर्यंत पोचली.

दुसरा प्रयोग तर अविश्वसनीयच वाटतो. अमेरिकेत डॅलसमध्ये एका संगणक कंपनीने मोठ्या संख्येने अनुभवी लोक काढून टाकले. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर त्यांच्यातल्या काहींना सांगितलं की पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी गेल्याबद्दल मनात जे खदखदतंय ते लिहून काढा. कुणाला दाखवायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही. दुसऱ्या काहींनी नोकरी शोधण्याच्या योजना लिहिल्या, तर काहींनी काहीच लिहिलं नाही. आठ महिन्यांनी भडास लिहिणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पूर्णवेळ नोकरीवर होते. बाकीच्यांत हे प्रमाण चारात एकाहूनही कमी. आणि लिहिणाऱ्यांनी जास्त अर्ज केले नव्हते की जास्त फोनही लावले नव्हते! मग फरक कुठे पडला? बहुधा मुलाखतीच्या खोलीत. जुन्या मालकावरचा राग मनात तसाच घेऊन बसलेला माणूस तो राग शब्दांत नाही तर आवाजात, चेहऱ्यावर सांडतो. ज्याने तो आधीच कागदावर ओतला, तो हलका होऊन खुर्चीत बसतो.

मिशिगन विद्यापीठाने ऐंशीच्या दशकात बेकारांसाठी कार्यशाळा आखली, त्यात याचाच पुढचा धडा आहे. तिथे नकार पचवण्याची आधीच तालीम करून घेतात. नकार येणारच, तो आल्यावर संध्याकाळी काय करशील, कुणाला फोन करशील, दुसऱ्या दिवशी कितीला उठशील, हे नकार यायच्या आधी ठरवायचं. ज्यांना नैराश्याचा धोका सगळ्यात जास्त होता, त्यांनाच तिचा फायदा सर्वाधिक झाला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे, कारण या विषयात ती सोयीस्करपणे विसरली जाते. हा उपचार पगाराला पर्याय नाही. रेशन, भत्ता, रोजगार देण्याची जबाबदारी ज्यांची आहे त्यांनी समुपदेशनाचा फोन नंबर देऊन हात झटकू नयेत. उपाशी माणसाला वेळापत्रक आखून देणं हा अन्याय आहे. गोव्याच्या कार्यक्रमात मनाच्या कामाबरोबर रोजच्या अडचणी सोडवण्याचंही काम होतं, आणि ते योग्यच होतं. पण उलटंही तितकंच खरं आहे. भत्ता मिळणाऱ्या मारिएन्थालच्या माणसांची चाल मंदावलीच होती. पोटाला मिळालं तरी दिवसाला आकार लागतो, आणि तो परत उभा करायचं शास्त्र आज आपल्या हाती आहे. ते महाग नाही, फार शिकलेल्यांचीच मिरासदारी नाही, आणि आपल्याच मातीत पारखून घेतलेलं आहे.

म्हणून तुमच्या घरात किंवा शेजारी नोकरी गेल्यापासून गप्प झालेलं कुणी असेल, तर ‘धीर धर’ म्हणून थांबू नका. त्याला एखादं ठरलेल्या वेळेचं, त्याच्या कसबाचं काम मागा आणि ते झाल्यावर दुसरं मागा. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा तोंडी आली असेल, तर मात्र घरगुती उपायांवर विसंबू नका. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तो माणूस स्वतः फोन लावेल याची वाट पाहू नका. त्याच्या शेजारी बसा आणि तुम्ही लावा.